दर दोन तासांनी कूस बदलूनही आयसीयूत बेडसोअर का होतात?

मध्यरात्र
नमस्कार मंडळी. आयसीयूत काम करणाऱ्यांसाठी आणि या विषयात गती असलेल्या सगळ्यांसाठी हा धागा.

नेहमी दिसणारं चित्र असं. पेशंट व्हेंटिलेटरवर, झोपेची औषधं चालू, ब्रेडन स्कोअर (बेडसोअरचा धोका मोजणारे गुण, जितके कमी तितका धोका जास्त) ११. तक्त्यात दर २ तासांनी डावी कूस, पाठ, उजवी कूस अशा नोंदी नीट भरलेल्या. एअर मॅट्रेसही चालू. तरीही तिसऱ्या दिवशी सेक्रमवर (कमरेच्या खालचं, माकडहाडाच्या वरचं हाड) जांभळट डाग उमटतो आणि आणखी दोन दिवसांत तिथली त्वचा सुटते. मग शिफ्ट बदलताना पेशंटची ओव्हर देताना 'कुठल्या शिफ्टमध्ये झालं' यावर वादावादी.

दोष कुणाच्या माथी मारायचा यात मला रस नाही. नेमकं कुठे निसटतं ते समजून घ्यायचं आहे. घड्याळ पाळूनही जखम होत असेल तर घड्याळाखेरीज काय बघायचं? आणि ज्या पेशंटला हलवलं की बीपी कोसळतं, त्याचं काय करायचं?

व्रणोपचार
चांगला धागा. तुमच्या वर्णनातच अर्धं उत्तर आहे. तिसऱ्या दिवशी जांभळा डाग म्हणजे खोलवरच्या ऊतींची इजा. दाब हाडालगतच्या स्नायूवर सर्वांत जास्त पडतो, इजा आतून सुरू होते आणि त्वचेवर दिसायला साधारण ४८ ते ७२ तास लागतात. म्हणजे डाग आज दिसला तर शोध दोन-तीन दिवस मागे घ्यायला हवा. पेशंट तेव्हा कुठे होता? अपघात विभागातल्या ट्रॉलीवर? ऑपरेशन टेबलवर पाच-सहा तास? स्पाइन बोर्डवर? एमआरआयच्या टेबलवर?

म्हणून भरतीच्या वेळची त्वचा-तपासणी महत्त्वाची. दोघांनी मिळून, डोक्याच्या मागच्या भागापासून टाचांपर्यंत, कानामागे आणि घड्यांतसुद्धा. कॉलर, स्टॉकिंग, पट्ट्या, जे काही सुरक्षितपणे सोडता येईल ते सोडून खाली बघायचं. पेशंट स्थिर झाल्यावर बघू म्हटलं की ते राहूनच जातं. भरतीनंतरच्या पहिल्या काही तासांतली नोंद नसेल तर पुढे शिफ्टवर ढकलाढकली ठरलेलीच.

तिरकीउशी
मी फिजिओ. व्रणोपचारताईंचा मुद्दा बरोबरच आहे, पण दुसरी अर्धी गोष्ट कोनाची आहे.

पेशंट "डाव्या कुशीवर" आहे म्हणजे नक्की किती वळलाय? अपेक्षित आहे ३० अंश. प्रत्यक्षात पाठीमागे एक मऊ उशी सरकवलेली असते, ती अर्ध्या तासात चपटी होते आणि वळण १० अंशांवर येतं. खांदा वळलेला दिसतो, कंबर जवळजवळ सपाट. मग कागदावर तीन स्थिती आणि सेक्रमला मात्र चोवीस तास एकच! मधली पाळी तर पाठीवरचीच असते, म्हणजे तेव्हाही तोच भाग खाली.

कसं करायचं ते सांगतो. आधी पेशंटला स्लाइड शीटवरून (सहज घसरणारी चादर) पलंगाच्या विरुद्ध कडेकडे सरकवा, म्हणजे वळल्यावर तो मध्यावर येतो. खालचा हात थोडा पुढे काढा, नाहीतर सगळं वजन त्या खांद्यावर पडतं. मग कंबर आणि खांदा एकदम वळवा. फोमचे दोन टणक पाचर घ्या. एक खांद्याच्या पाठीमागे, दुसरं नितंबाच्या मागे, आणि दोहोंमध्ये वितभर मोकळी जागा सोडा. सेक्रम त्या मोकळ्या जागेसमोर यायला हवं. वरचा पाय थोडा पुढे, गुडघ्यात वाकवलेला. दोन्ही गुडघ्यांमध्ये आणि घोट्यांमध्ये उशी.

आता खरी परीक्षा. हातमोजा घालून तळहात वर करा आणि सेक्रमखाली सरकवा. हात सहज जात असेल तर ते हाड मोकळं आहे. अडकला तर पाचर पुन्हा लावा. ९० अंशांवर पूर्ण कुशीवर ठेवू नका, सगळा भार मांडीच्या खुब्यावर येतो आणि तिथे मांस अगदी कमी असतं.

प्राणवायू
तिरकीउशी, प्रतिसाद आवडला. हाताची परीक्षा आमच्याकडे राउंडमध्ये घ्यायला लावावी म्हणतो.

वैद्यकीय बाजूने थोडी भर. ब्रेडन स्कोअर १८ किंवा कमी म्हणजे धोका, असं मानतात. ६ ते २३ अशी ही मोजपट्टी १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली, पण ती काही फक्त आयसीयूसाठी नव्हती. आयसीयूत जवळजवळ प्रत्येक जण १८ च्या खालीच येतो. त्यामुळे नुसत्या बेरजेतून कोणाकडे जास्त लक्ष द्यायचं ते कळत नाही. उपघटक बघा: ओलावा किती, हालचाल किती, घसरण किती. शिवाय त्यात नसलेल्या गोष्टी जोडा: नॉरअॅडचा (बीपी टिकवणारं औषध) वाढता डोस, कमी ऑक्सिजन, सूज, मधुमेह, पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार, डायलिसिस. बीपी टिकवण्यासाठी आपण त्वचेकडचा रक्तपुरवठा आवळतो, तेव्हा एरवी सोसला असता तो दाबही सोसवत नाही.

त्वचेवरच्या दाबासाठी ३२ मिमी पाऱ्याचा आकडा बरेच जण सुरक्षिततेची रेषा म्हणून सांगतात. तो १९३० मधल्या, नखाच्या कडेच्या केशवाहिन्यांवरच्या मापनातून आलेला आहे. नॉरअॅडवर असलेल्या पेशंटच्या सेक्रमला तो लागू होईल असं धरून चालू नका.

निळीचादर
थोडं असहमत. घड्याळाला इतकं कमी लेखू नका. "पेशंटप्रमाणे ठरवा" म्हटलं की व्यस्त रात्री चार-चार तास कोणी वळवत नाही. २ तासांचा नियम निदान एक खुंटा तरी आहे.

व्रणोपचार
@निळीचादर, खुंटा हवाच, मान्य. २, ३ आणि ४ तास यांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये आला होता आणि त्यात फरक आढळला नव्हता. पण तो नर्सिंग होममधल्या रहिवाशांवर होता, आणि सगळे चांगल्या घनतेच्या फोमवर झोपणारे. त्याचा आधार घेऊन आयसीयूत ४ तासांवर जाणं चुकीचं. मी म्हणते ते उलट्या दिशेचं आहे: २ तासांपासून सुरुवात करा आणि वळवताना त्वचा बघा. ज्या भागावरून पेशंट उठला तो लाल असेल तर बोटाने तीन सेकंद दाबा. बोट काढल्यावर पांढरा होऊन पुन्हा लाल झाला तर रक्त फिरतंय. लालच राहिला तर ती बेडसोअरची पहिली पायरी, आणि त्या बाजूवर पुन्हा झोपवणं टाळायचं. २ तासांत लाली राहत असेल तर २ तास त्या पेशंटला जास्त होताहेत.

सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, पांढरं होणंही नीट दिसत नाही. तिथे हाताच्या मागच्या बाजूने तापमान तपासा, शेजारच्या त्वचेशी तुलना करा. जास्त गरम किंवा जास्त गार, टणक किंवा पिचपिचीत, रंगाने शेजारच्यापेक्षा गडद, असं काही लागलं तर ती धोक्याची खूण. पुरेसा उजेड हवा. रात्री मंद दिव्यात केलेल्या तपासणीवर भिस्त ठेवू नये.

निळीचादर
हे पटलं. म्हणजे २ तास हा वरचा टोक, खालचा नाही.

गादीवाला
बायोमेडिकलवाला आहे, एअर मॅट्रेसबद्दल बोलतो, कारण "मॅट्रेस चालू" हे वाक्य मला फार खटकतं.

पंपावर हिरवा दिवा म्हणजे गादी काम करतेय असं नाही. पहिलं, वजनाची खुंटी. मागच्या पेशंटच्या वजनावर ती तशीच राहिलेली असते. ५० किलोच्या माणसाला ९० वर ठेवलं तर गादी दगड होते. उलट केलं तर माणूस थेट पलंगाच्या पत्र्यावर टेकतो. तपासायचं कसं: ओव्हरले प्रकारची (नेहमीच्या फोमवर पसरायची) गादी असेल तर सेक्रमच्या बरोबर खाली, गादी आणि खालच्या फोमच्या मधे, तळहात वर करून हात घाला. वर निदान अडीच सेंटिमीटर हवा जाणवली पाहिजे. पलंगाचं डोकं वर असताना तपासा, कारण तेव्हाच कमरेखाली भार वाढतो.

दुसरं, प्रोसिजरसाठी स्टॅटिक मोडवर (सगळे कप्पे एकसारखे फुगलेले) टाकतात आणि परत अल्टरनेटिंगवर (कप्पे आळीपाळीने फुगणारे) घेत नाहीत. तिसरं, नळी पलंगाच्या कठड्यात चिमटते आणि एकाआड एक कप्पे फुगायचे थांबतात. गादीवर हात ठेवून एक पूर्ण चक्र, बऱ्याच पंपांत साधारण १० मिनिटांचं, कधीतरी मोजून बघा. चौथं, सीपीआरची झडप (छाती दाबायची वेळ आली तर गादीतली हवा पटकन सोडणारी) अर्धवट उघडी राहते.

आणि सगळ्यात मोठं: गादीवर काय काय घालता! चादर, मॅकिंटॉश (रबरी कापड), ड्रॉशीट (आडवी चादर), दोन अंडरपॅड, वर डायपर. इतक्या थरांवर झोपलेल्याला खालच्या हवेचा काय उपयोग? एक घट्ट न ताणलेली चादर आणि हवा खेळू देणारं एक पॅड, बास.

कोपऱ्यातून
वाचतेय. वाचनखूण साठवली.

खिडकीपाशी
मी नातेवाईक या नात्याने विचारते. भेटीच्या वेळेत आम्ही पाठीला तेल लावून चोळून दिलं तर चालेल का? आणि टाचांखाली गोल रिंग, किंवा पाणी भरलेले हातमोजे ठेवलेले पाहिलेत, ते बरे का?

व्रणोपचार
@खिडकीपाशी, विचारलंत ते फार चांगलं केलंत. हाडावर चोळू नका, आणि लाल झालेल्या जागी तर मुळीच नाही. आतल्या केशवाहिन्या आधीच दुखावलेल्या असतात, चोळण्याने त्या फाटतात. कोरडे हातपाय असतील तर मॉइश्चरायझर हलक्या हाताने नुसतं पसरा. स्पिरिट आणि पावडरची जुनी पद्धतही सोडायची. स्पिरिटने त्वचा कोरडी पडते आणि पावडर घड्यांत ओली होऊन खडबडीत गोळे होतात.

गोल रिंग नको. मधली जागा मोकळी राहते, पण भोवतीच्या कड्यावर दाब येऊन मधल्या भागाचा रक्तपुरवठाच अडतो. पाण्याचे हातमोजेही नकोत, टाच त्यांच्यावर टेकलेलीच राहते. टाच हवेत तरंगली पाहिजे. उशी पोटरीच्या पूर्ण लांबीखाली, गुडघा किंचित वाकलेला, साधारण ५ ते १० अंश. फक्त घोट्याच्या मागे गुंडाळी ठेवली तर सगळं वजन टाचेमागच्या स्नायुबंधावर येतं, आणि गुडघा मागे ताणला गेला तर त्यामागची शीर दबते.

तुम्ही करू शकाल असं एक काम: टाच आणि गादी यांच्यामधून एक कागद सरकवून बघा. अडकला तर सिस्टरना सांगा. त्यांना राग येणार नाही.

मध्यरात्र
अजिबात येणार नाही, उलट मदतच होईल.

श्वासनळी
सगळे पाठीवरच अडकलेत! आयसीयूतल्या कितीतरी जखमा चेहऱ्यावर आणि उपकरणांखाली होतात. तिथे कूस बदलून काही होत नाही.

तोंडातली ट्यूब घ्या. टेप लावून एका कोपऱ्यात बसवली की ओठाचा तो कोपरा चोवीस तास दाबलेला. पहिल्यांदा दिसतो फक्त एक पांढुरका खळगा, बांधणीच्या दोरीखाली, लाळेने भिजलेला. दोरी सैल करून बाजूला केल्याशिवाय दिसतच नाही. पुढच्या शिफ्टपर्यंत तिथे चीर पडते. म्हणून ट्यूब निदान दर शिफ्टला एका कोपऱ्यातून दुसऱ्यात न्यायची, सूज असेल तर त्याहून लवकर. दोघांनी मिळून, एकाने ट्यूब धरायची, दाताजवळचा आकडा आधी आणि नंतर वाचायचा, कफ प्रेशर (ट्यूबच्या टोकाजवळच्या फुग्यातला दाब) तपासायचं, दोन्ही बाजूंचे श्वास ऐकायचे. तोंडाच्या आतली किंवा नाकपुडीच्या आतली जखम असेल तर तिला पायऱ्या लावत नाहीत, 'श्लेष्मल त्वचेची इजा' म्हणून नोंद करायची.

एनआयव्हीचा (ट्यूबशिवाय, मास्कने श्वास देणारं यंत्र) मास्क: नाकाच्या दांड्यावर कातडीखाली हाडच आहे. मास्क लावण्याआधी तिथे पातळ फोम किंवा हायड्रोकोलॉइडची चिकटपट्टी. लाली आल्यावर नाही. पट्ट्याखालून दोन बोटं गेली पाहिजेत. थोडी गळती यंत्र भरून काढतं, ती शून्यावर आणण्यासाठी पट्टे आवळू नका. दोन वेगळ्या आकाराचे मास्क आळीपाळीने वापरले तर दाबाच्या जागा बदलतात.

राईल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) नाकपुडीच्या कडेला ओढून चिकटवू नका, ती मधोमध तरंगू द्या. ऑक्सिमीटरचा चिमटा दर ४ तासांनी दुसऱ्या बोटावर. ट्रॅकिओस्टोमीच्या (गळ्यातून श्वासनळीत घातलेली नळी) पट्टीखाली फोम. आणि वळवून झालं की एकदा पाठीखालून हात फिरवा: ईसीजीची वायर, सलाइनचा थ्री-वे जोड, सुईचं टोपण, कॅथेटरची नळी, यातलं काहीतरी सापडतंच.

तिरकीउशी
+१. कॅथेटरची नळी मांडीखालून गेली की पूर्ण लांबीचा वळ उठतो.

प्राणवायू
श्वासनळीच्या प्रतिसादाला जोडून पालथ्या स्थितीबद्दल. गंभीर एआरडीएसमध्ये (फुफ्फुसांना सूज येऊन ऑक्सिजन खूप कमी होतो तो आजार) एका वेळी १६ तास किंवा जास्त पालथं ठेवतात. तेव्हा सेक्रम सुटतं, पण कपाळ, गाल, हनुवटी, छाती, गुडघे, पायाची बोटं आणि पुरुषांत जननेंद्रियं खाली येतात. चेहरा सर्वांत धोक्यात. पालथं करण्याआधीच कपाळ, गाल, हनुवटी, छाती आणि गुडघ्यांवर सिलिकॉन फोम लावा. ट्यूबचा कडक प्लास्टिकचा होल्डर काढून टेप किंवा दोरी वापरा. डोळ्यांत मलम, पापण्या बंद. जीभ दातांच्या आत. डोकं दर २ तासांनी दुसऱ्या बाजूला, त्यासोबत वरचा हातही बदलायचा. पूर्ण पलंग डोक्याकडून थोडा वर तिरका केला तर चेहऱ्याची सूज कमी राहते. ईसीजीचे इलेक्ट्रोड छातीवरून पाठीवर न्यायला विसरू नका.

निळीचादर
फोम ड्रेसिंगबद्दल शंका. सेक्रमवर आधीपासून लावलं की खालचं दिसत नाही. झाकलं म्हणून निर्धास्त होतात लोक.

व्रणोपचार
शंका रास्त आहे. म्हणूनच सिलिकॉनच्या कडांचं, बहुपदरी ड्रेसिंग घ्यायचं. ते वरच्या कडेने उचलून आत डोकावता येतं आणि परत चिकटवता येतं. दर शिफ्टला डोकावायचं. साधारण तीन दिवसांनी, किंवा मळलं-सुटलं की लगेच बदलायचं. त्वचा स्वच्छ आणि कोरडी हवी. खाली बॅरियर क्रीम लावलं असेल तर ते टिकणारच नाही. आणि ताणून चिकटवू नका, नाहीतर ड्रेसिंगच त्वचा ओढतं. ड्रेसिंगमुळे घर्षण आणि घसरण कमी होते, वळवण्याचं काम काही वाचत नाही.

मध्यरात्र
घसरणीचा विषय निघालाच आहे तर: न्यूमोनिया टाळायला पलंगाचं डोकं ३० ते ४५ अंश हवं आणि सेक्रमसाठी ३० च्या वर नको. या ओढाताणीत काय करता?

प्राणवायू
३० अंश, दोन्हींत बसणारा एकच बिंदू. जास्त ठेवायची वैद्यकीय गरज असेल तर ठेवा, पण ते कारण रोज तपासा.

तिरकीउशी
आणि क्रम पाळा! आधी गुडघ्याकडचा भाग वर करा, मग डोकं. उलट केलं तर पेशंट खाली घसरतो. हाड घसरतं, पण त्वचा चादरीला चिकटून जागेवरच राहते आणि मधल्या रक्तवाहिन्या पिळल्या जातात. पेशंटचा कमरेचा सांधा पलंगाच्या घडीच्या बरोबर जागी हवा. पाय पलंगाच्या टोकाला टेकले असतील तर तो घसरलाय. वर घेताना काखेत धरून ओढू नका: पलंग सपाट, खाली स्लाइड शीट, दोन्ही बाजूंना माणसं, एकदम सरकवा.

कोपऱ्यातून
थोडक्यात, उशीला उशीर नको. :)

अन्नपाणी
आहारतज्ज्ञ. मुद्दे दोनच. पोटातून आहार शक्य असेल तर ४८ तासांच्या आत सुरू, आणि तीव्र काळ ओसरला की प्रथिनं वजनाच्या प्रतिकिलो रोज १.२ ते १.५ ग्रॅमपर्यंत टप्प्याटप्प्याने. अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) कमी आहे म्हणून "पोषण कमी" असं लिहू नका. जंतुसंसर्गात ते दाहामुळे खाली येतं. आणि प्रत्येक वळवण्याला फीड (नळीतून दिलेला आहार) तासभर बंद ठेवलं की दिवसाचा मोठा वाटा गळतो. बंद केलंच तर वळवून होताच, हातासरशी चालू करा.

श्वासनळी
पातळ जुलाब असतील तर अन्नपाणींना एक प्रश्न विचारायला हवा: फीड बदलता येईल का? कारण ओल्या त्वचेवर बाकी सगळं व्यर्थ जातं.

व्रणोपचार
त्यात एक गल्लत टाळा. मलमूत्राने सोललेली त्वचा आणि दाबाची जखम या वेगळ्या आहेत. पहिली पसरट, चकचकीत, कडा अनिश्चित, घड्यांत आणि दोन्ही बाजूंना. दुसरी हाडावर, आकार ठळक. पहिलीला साबण बंद (साबण अल्कधर्मी, त्वचा मुळात आम्लधर्मी), पीएच संतुलित क्लिन्झर, टिपून कोरडं, मग बॅरियर क्रीम. पुढच्या वेळी क्रीमचा सगळा थर खरवडून काढायचा नाही, मळ तेवढा पुसायचा.

मध्यरात्र
खूप मिळालं. माझा शेवटचा प्रश्न राहिलाच: हलवलं की बीपी कोसळणारा पेशंट.

प्राणवायू
'हलवू नये' हा शेरा एकदा लिहिला की दिवसेंदिवस तसाच पुढे जातो. ही मेख आहे. तो शेरा दर शिफ्टला नव्याने ठरवला पाहिजे. वळवताना अगदी सावकाश, आधी १० ते १५ अंश, थांबा, मग पुढे. बीपी किंवा ऑक्सिजन पडला तर लगेच परत फिरवू नका. जीवावर बेतण्याइतका फरक नसेल तर साधारण १० मिनिटं थांबून बघा, बरेच पेशंट सावरतात. खरोखरच जमत नसेल तर निदान डोकं, हात, टाचा आणि एकेका नितंबाखालचा दाब दर अर्ध्या-एक तासाने थोडा थोडा बदला. ते वळवण्याची जागा घेत नाही, म्हणून पुढच्या शिफ्टला पुन्हा वळवून बघायचं.

तिरकीउशी
डोकं विसरू नका! खोल झोपेतल्या पेशंटचं डोकं मागून चेपतं आणि केसांखाली कोणाला दिसत नाही. बोटांनी चाचपून बघा.

मध्यरात्र
मग उद्यापासून नोंदीच्या रकान्यात बदल करतेय. 'डावी कूस' याऐवजी: कोन, सेक्रमखाली हात गेला का, टाच तरंगते का, उठलेल्या बाजूची लाली गेली का, ट्यूबचा कोपरा कोणता. वळवून झाल्या झाल्या भरायचं.

तिरकीउशी
एक दुरुस्ती. हाताची परीक्षा वळवल्या वळवल्या नको. आधी गुडघे वर, मग डोकं ३० अंशांवर, मग पाच मिनिटं जाऊ द्या. पाचर तेवढ्यात दबतं आणि पेशंटही थोडा घसरतो. त्यानंतर हात घाला, तेव्हा भरलेली नोंद खरी.

गादीवाला
आणि त्याच वेळी पंपावरची वजनाची खुंटी वाचून रकान्यात किलो लिहा.